प्रवेश मिळाला, मग ही गणिताची परीक्षा कशाला?

वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की अमेरिकेत बी.एस.ला निघालेल्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं यायला लागतात. यंदा त्यातली बरीच एकाच गोष्टीवर आहेत: विद्यापीठाची गणिताची प्लेसमेंट परीक्षा. मी आधी कोल्हापूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे, आता अमेरिकेत इलिनॉयमध्ये एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, शिकवते. इथली मुलं कुठे अडतात आणि आपली कुठे, हे रोज बघते. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरची चार पत्रं घेतली आहेत.

ताई, मुलाला बारावीला गणितात १०० पैकी ९६ आहेत. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) ही आली. आता ईमेल आलंय की ओरिएंटेशनच्या आधी ‘अ‍ॅलेक्स’ नावाची परीक्षा द्यायची. पोरानं रात्री जेवण झाल्यावर बसून दिली आणि ५८ पडले. कॅल्क्युलसला ७५ लागतात म्हणे. प्रवेश जाईल का? पुढच्या आठवड्यात व्हिसाची मुलाखत आहे, तिथे हे निघेल का? घरात कुणाचं जेवणात लक्ष नाही. — एक पालक, सांगली

दादा, प्रवेश जात नाही. प्लेसमेंट परीक्षा प्रवेश पक्का झाल्यावरच घेतात आणि तिचं काम एवढंच, की पहिल्या सत्रात मुलाला गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणं. व्हिसाच्या कागदपत्रांत हे गुण नसतात. तेव्हा मुलाखतीची तयारी निवांत करू द्या आणि ती होईपर्यंत घरात अ‍ॅलेक्सचं नाव काढू नका.

ही परीक्षा का घेतात ते सांगते, म्हणजे अपमान झाल्यासारखं वाटणार नाही. आपल्याकडे बारावी सायन्सचं पुस्तक सांगलीला तेच आणि गडचिरोलीला तेच. अमेरिकेत तसं एक बोर्ड नाही. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या हायस्कूलमधून आलेली दोन मुलं घ्या, एकानं कॅल्क्युलस पुरं केलेलं असतं, दुसरा ‘अल्जिब्रा टू’ या शाळेतल्या बीजगणिताच्या कोर्सपुढे गेलेलाच नसतो. दोघांच्या गुणपत्रिकेवर ‘ए’च असतो. मग विद्यापीठ सगळ्यांना एकाच मापानं मोजतं. आपली मुलंही त्याच रांगेत उभी राहतात, कारण तिथल्या, कोर्स निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला महाराष्ट्र बोर्डाचे ९६ म्हणजे नक्की काय येतं, हे कळायला मार्ग नसतो.

आता ९६ चे ५८ कसे झाले? मुलाचे ९६ खरे आहेत आणि ५८ सुद्धा खरे आहेत, दोन्ही परीक्षा वेगळ्या गोष्टी विचारतात. बारावीच्या पेपरात निम्मं वजन विकलन, संकलन, डिफरन्शिअल इक्वेशन यांचं, म्हणजे कॅल्क्युलसचं. अ‍ॅलेक्सच्या या प्लेसमेंटमध्ये विकलन-संकलन नाहीच. ती प्रीकॅल्क्युलसपाशी, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितापाशी, थांबते. अपूर्णांक, घातांक, अवयव, असमानता, फंक्शन, लॉग, त्रिकोणमिती, म्हणजे आपल्या हिशेबानं आठवी ते अकरावी. आणि अकरावीचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षा कॉलेजची, बोर्डाची नाही, क्लासवालेसुद्धा दिवाळीपासून बारावी सुरू करतात. लॉगचे नियम, फंक्शनचा डोमेन, हे सगळं घाईत उरकलं जातं आणि दोन वर्षांनी नेमकं तेच पुढ्यात येतं.

दुसरं कारण पर्यायांच्या सवयीचं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, चार पर्याय समोर. मुलं पर्याय टाकून बघायला शिकतात, आणि त्या परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे. अ‍ॅलेक्समध्ये बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं. एक गणित बघा, मुलालाही दाखवा: एक्स अधिक ७ चं वर्गमूळ बरोबर एक्स उणे ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की एक्स वर्ग उणे ११ एक्स अधिक १८ बरोबर शून्य. अवयव पडतात, उत्तरं येतात ९ आणि २. आपला मुलगा दोन्ही लिहून मोकळा होतो. पण २ मूळ समीकरणात घालून बघा, डावीकडे ९ चं वर्गमूळ म्हणजे ३, उजवीकडे उणे ३. जमत नाही. उत्तर फक्त ९. वर्ग करताना हे खोटं मूळ आत शिरलं. पर्याय असते तर ताळा आपोआप झाला असता, इथे तो स्वतःहून करावा लागतो. असे पाच-सहा प्रश्न गेले की गुण घसरतात, शिवाय ही परीक्षा उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न निवडते. बरोबर आलं तर वरचा, चुकलं तर खालचा. म्हणून जास्तीत जास्त ३० प्रश्नांत तिला अंदाज येतो.

तिसरं कारण अगदी बारीक, पण त्यात आपली हुशार मुलं हमखास सापडतात. आपल्या बारावीच्या पुस्तकात कॅल्क्युलसमध्ये नुसतं ‘लॉग’ लिहिलं की पाया ‘ई’ धरायचा. अमेरिकेत नुसता लॉग म्हणजे पाया १०, आणि ई पाया असेल तेव्हा ‘एलएन’ लिहितात. लॉग १०० विचारलं तर उत्तर २. आकडेमोड पक्की असूनही चिन्हापायी प्रश्न जातो. शाब्दिक उदाहरणांत फूट, मैल, गॅलन येतात, तेही एकदा डोळ्यांखालून घालावेत.

आता करायचं काय. पहिला प्रयत्न झाला की त्याच खात्यात सरावाचा भाग उघडतो. गोल चक्रासारखी आकृती दिसते, कोणता विषय किती येतो ते रंगानं भरलेलं असतं. त्यातले रिकामे भाग भरणं, एवढाच अभ्यास. पाठ करायला नवं पुस्तक नको. अ‍ॅलेक्समध्ये एकूण पाच वेळा परीक्षा देता येते, पण विद्यापीठ त्याहून कमी संधी देऊ शकतं आणि दोन प्रयत्नांमध्ये ठरावीक तास सराव झालाच पाहिजे असंही बंधन घालू शकतं. ते त्यांच्या गणित विभागाच्या पानावर लिहिलेलं असतं. हव्या असलेल्या गुणांचंही तसंच. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसवर पहिल्या कॅल्क्युलसला ७० धरतात, तुमच्याकडे ७५ आहेत, तिसरीकडे आणखी वेगळे. मित्राच्या विद्यापीठाचा नियम आपल्याला लागू होत नाही. शेवटची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर लिहा. ती गेली की वर्ग भरतात.

दुसऱ्या वेळी रात्रीच्या जेवणानंतर बसू देऊ नका. सकाळी, डोकं ताजं असताना, दोन तास मोकळे ठेवून, कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन. स्वतःचा कॅल्क्युलेटर नको, जिथे लागतो तिथे तो स्क्रीनवरच येतो. पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. जे अजिबात येत नाही तिथे ‘मला माहीत नाही’ असं बटण आहे, ते दाबायला लाजू नये. अंदाजानं ठोकलेलं उत्तर चुकून बरोबर आलं तर सराव त्याला चुकीच्या पायरीपासून सुरू करून देतो.

या परीक्षेच्या मागे खरंच गणित आहे, हे मुलाला सांगा, त्याला आवडेल. फाल्मान्य आणि दोन्यों या दोन गणितींनी मांडलेला ‘नॉलेज स्पेस’चा सिद्धांत तिचा पाया आहे, आणि ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसवर तयार झाली. कोणतं आलं असेल तर पुढचं काय शिकता येईल, याचा तो नकाशा आहे. मला स्वतःला ही कल्पना फार सुंदर वाटते.

आणि मन लावून सराव करूनही ६५ वरच थांबला तर? मग प्रीकॅल्क्युलस घ्यावं. इंजिनिअरिंगमध्ये त्याची किंमत आहे, ती लपवत नाही. भौतिकशास्त्राचा पहिला कोर्स कॅल्क्युलसला बांधलेला असतो, पुढचे मेकॅनिक्सचे कोर्स भौतिकशास्त्राला, त्यामुळे सगळी साखळी एक सत्र मागे सरकते आणि परदेशी विद्यार्थ्याला त्या सत्राची फी भारी पडते. इथली मुलं उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात तेवढा एक कोर्स करून घेतात. तुमच्या मुलाला ते जमणार नाही, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू होण्याच्या फार तर ३० दिवस आधी येता येतं. म्हणून आत्ताचे हे आठवडे त्याच्यासाठी सोन्यासारखे आहेत. पण कसंतरी करून वरच्या वर्गात घुसवण्याचा विचार नको. मी दर सत्रात बघते, कॅल्क्युलसमध्ये मुलं लिमिट समजत नाही म्हणून गळत नाहीत, अपूर्णांकांची बैजिक राशी सोडवता येत नाही म्हणून गळतात. आणि एफ-वनवर दर सत्रात किमान १२ क्रेडिट, म्हणजे कोर्सना दिलेले श्रेयांक, ठेवावेच लागतात. मध्येच कोर्स सोडला आणि क्रेडिट खाली आले, तर प्रश्न व्हिसापर्यंत जातो.

ताई, मी बायोलॉजी ग्रुप घेतला होता, गणित दहावीनंतर सोडलं. दहावीला ९१ होते. अमेरिकेत बी.एस. बायोलॉजीला प्रवेश मिळालाय आणि आता कळतंय की तिथे बायोलॉजीलासुद्धा कॅल्क्युलस आहे. प्लेसमेंट परीक्षा घरूनच द्यायची आहे. माझा चुलत भाऊ इंजिनिअर आहे, तो म्हणतो, “मी शेजारी बसतो, काळजी करू नकोस.” आई म्हणते बसू दे. मला काय करावं कळत नाही. — एक विद्यार्थिनी, नांदेड

बाळा, तुला कळत नाही असं नाही. कळलंय म्हणूनच तू लिहिलंस. भावाला शेजारी बसवायचं नाही. आईला माझं नाव सांगून सांग.

नियम म्हणून ते चूक आहेच, तिथल्या विद्यापीठांत असल्या गोष्टींवर कारवाई होते, आणि पुष्कळ ठिकाणी निर्णायक प्रयत्न कॅमेऱ्यासमोर घेतात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. भावाच्या गुणांवर तू कॅल्क्युलसच्या वर्गात जाऊन बसशील. दुसऱ्या आठवड्यात प्राध्यापक फळ्यावर ‘एफ ऑफ एक्स अधिक एच’ लिहितील. समजा फंक्शन आहे एक्स वर्ग उणे ३ एक्स. जिथे जिथे एक्स आहे तिथे आख्खा ‘एक्स अधिक एच’ कंसासकट घालायचा, मग कंस सोडवायचे, मग मूळ फंक्शन वजा करून एचनं भागायचं. उरतं २ एक्स अधिक एच उणे ३. ज्यानं अकरावीत फंक्शन केलंय त्याला ही पाच ओळींची गोष्ट. तू ते केलेलंच नाहीस, आणि त्या वेळी भाऊ नांदेडला असेल. परक्या देशात, पहिल्या सत्रात, हॉस्टेलच्या खोलीत एकटीनं रडत बसावं लागेल असं काही मला तुझ्या बाबतीत होऊ द्यायचं नाही.

भावाला दुसरं काम दे. दहावी आणि कॅल्क्युलस यांच्या मध्ये जे राहिलंय, ते त्यानं तुला रोज संध्याकाळी शिकवावं. दहावीला तू दोन चलांतली समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी आणि त्रिकोणमितीची सुरुवात केली आहेस. पाया चांगला आहे. राहिलंय ते असं: आधी घातांक, ऋण आणि अपूर्णांकातलेसुद्धा. मग अवयव आणि बैजिक अपूर्णांक, हात बसेपर्यंत. मग फंक्शन, डोमेन, आलेख. त्यानंतर लॉग, आणि शेवटी एकक वर्तुळ आणि रेडियन. अकरावीची दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, भाऊ त्यातून शिकवू शकेल. अमेरिकन पद्धतीची मांडणी बघायला राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची प्रीकॅल्क्युलसची पुस्तकं मोफत आहेत, खान अ‍ॅकॅडमीवर व्हिडिओ आहेत. पण वही-पेन घेऊन सोडवायचं, नुसतं बघून गणित येत नाही.

परीक्षा आधी एकदा कोरी, काही न वाचता दे. काय येत नाही ते तिथे दिसेल. मग सराव, मग दुसरा प्रयत्न. कॅल्क्युलसपर्यंत पोचलीस तर उत्तम, नाही पोचलीस तर पहिल्या सत्रात प्रीकॅल्क्युलस घे. तुझं नुकसान इंजिनिअरिंगच्या मुलाएवढं नाही. बायोलॉजीच्या पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय कॅल्क्युलसवाचून अडत नाहीत. केमिस्ट्रीच्या पहिल्या कोर्सला गणिताची काही अट आहे का, तेवढं मात्र सल्लागाराला ईमेल करून विचार, पुष्कळ ठिकाणी ती असते. अगदी साधं लिही: मी शाळेत दहावीपर्यंतच गणित शिकले आहे, पहिल्या सत्रात मी काय घ्यावं? या प्रश्नाला तिथे कुणी हसत नाही.

मुलीनं एपी कॅल्क्युलस बीसीची (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेज पातळीची) परीक्षा मे महिन्यात दिली, ५ पैकी ५ येतील अशी खात्री आहे. तिच्या विद्यापीठाचं ओरिएंटेशन जूनमध्ये आहे आणि तरीही प्लेसमेंट द्या म्हणतात. दोनदा कशासाठी? आणि ५ आले तर तिनं थेट कॅल्क्युलसच्या तिसऱ्या कोर्सला बसावं का? — एक आई, एडिसन, न्यू जर्सी

एपीचे गुण जुलैच्या सुरुवातीला येतात, वर्गांची नोंदणी जूनमध्ये होते. मधल्या काळात सल्लागाराच्या हातात काहीतरी हवं, म्हणून प्लेसमेंट. तिनं ती देऊन टाकावी. फक्त दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. प्लेसमेंटनं वर्गात जागा मिळते, क्रेडिट मिळत नाही. एपीच्या गुणांवर क्रेडिट मिळतं, पण ते गुण कॉलेज बोर्डाकडून, म्हणजे एपी घेणाऱ्या संस्थेकडून, विद्यापीठाकडे रीतसर जावे लागतात. एका विद्यापीठाला ते फुकट पाठवता येतात, त्याची मुदत २० जूनपर्यंत असते. तिनं नाव घातलंय का, आज रात्रीच विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलीवर आहे. बीसीला ५ आले की बरीच विद्यापीठं पहिल्या दोन्ही कॅल्क्युलसचं क्रेडिट देतात. तिला त्या विभागाच्या दुसऱ्या कॅल्क्युलसचा एखादा जुना फायनल पेपर मिळवून एका बैठकीत सोडवायला सांगा. अनंत श्रेणींचे प्रश्न आत्मविश्वासानं सुटले तर पुढे जाऊ द्या. तिथे अडखळली तर दुसऱ्याला बसू दे. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर आणखी एक बघा, काही मेडिकल स्कूल एपीचं क्रेडिट धरत नाहीत, त्यांना कॉलेजात घेतलेला गणिताचा कोर्स लागतो.

मी ४१ वर्षांची आहे. पुण्यात बी.कॉम. केलं, लग्नानंतर इकडे आले, दोन मुलं मोठी झाली. आता इथल्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग करायचं ठरवलंय, तर ‘टीएसआय’ (टेक्सासमधली कॉलेजप्रवेशाच्या वेळची प्लेसमेंट परीक्षा) द्या म्हणतात. गणित सोडून वीस वर्षं झाली. जमेल का? — एक वाचक, प्लेनो, टेक्सास

जमेल. आणि तुम्ही हे ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

पण परीक्षेच्या आधी एक चौकशी करा. पदवीधरांना टेक्सासमध्ये या परीक्षेतून सूट असते. तुमची पुण्याची पदवी त्यात धरायची का, हे कॉलेज ठरवतं, आणि त्यासाठी गुणपत्रिकांचं मूल्यांकन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून द्यावं लागतं. अकाउंटिंगमध्ये पुढे जाताना ते मूल्यांकन कधीतरी लागणारच, तेव्हा खर्च वाया जात नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो, पुण्यात भाऊ-बहीण कुणी असेल तर त्यांना आत्ताच कामाला लावा.

सूट नाही मिळाली तरी परीक्षा घाबरण्यासारखी नाही. २०२१ पासून तिची दुसरी आवृत्ती चालू आहे. गणिताच्या पहिल्या भागात २० प्रश्न, पर्याय दिलेले, आणि वेळेची मर्यादा नाही. ९५० गुण मिळाले की झालं. कमी पडले तर तिथेच पुढचा निदानाचा भाग सुरू होतो, त्यात सहावी पातळी गाठली तरी उत्तीर्ण धरतात. टक्केवारी, गुणोत्तर, एका चलातली समीकरणं, थोडी भूमिती आणि संख्याशास्त्र. बी.कॉम.ला तुम्ही व्याज आणि गुणोत्तरं पुष्कळ केली आहेत, ती हातात परत येतील. रोज दुपारी घर शांत असेल तेव्हा तासभर बसा, मुलांची आठवी-नववीची पुस्तकं घरात असतील तर तिथूनच सुरू करा.

तरीही थोडक्यात हुकलं, तर टेक्सासमधली कॉलेजं आता नियमित कोर्स आणि त्याच्याच जोडीला आधाराचा तास, असं एकाच सत्रात देतात. त्यामुळे वर्षभर नुसतं मागचं गिरवत बसावं लागत नाही. नाव नोंदवताना आणखी एक: परीक्षेला बसण्याआधी एक छोटा ऑनलाइन पूर्वतयारीचा भाग पूर्ण करणं सक्तीचं आहे. तो झाल्याशिवाय केंद्रावर बसू देत नाहीत, म्हणून तो आदल्या दिवसावर ठेवू नका.